रथाची कोरडी मोगरी

मित्रांनो, मी एक जुनी मोगरी आहे. धुणं बडवायची नव्हे, हो! तसलं काही मनात आणलंत तर गोष्ट इथंच थांबवीन. मी रथाची मोगरी. कुंभकोणम शहरात आमच्या अम्मनचा, म्हणजे देवीचा, रथ निघतो, तेव्हा त्याच्या पुढच्या उजव्या चाकाखाली मला सारतात आणि रथ उभा राहतो. जो रथ ओढायला तीनशे माणसं लागतात, तो थांबवायला मी एकटी पुरते. म्हणजे पुरत होते.

अंगानं मी चिंचेच्या लाकडाचा ठोकळा. पुढून निमुळती, मागून जाड, आणि मागं हातात धरायला एक आखूड दांडी. रूप विचाराल तर काही नाही. पण रूप बघून कुठलं चाक थांबलंय का कधी?

माझ्या अंगावर ही लांब भेग दिसते ना, तिची गोष्ट सांगायचीय. सांगताना माझी स्वतःची चूकही सांगावी लागेल. आता वय झालं. लाज गुंडाळून ठेवते आणि सांगते.

मी ज्या चिंचेची, ती नदीकाठच्या वाटेवर उभी होती. एका वादळात आडवी झाली. सुब्बय्या आसारी बघायला आला. आमच्याकडे सुताराला आसारी म्हणतात. त्यानं साल खरवडली, आतला काळपट गाभा नखानं दाबून बघितला. नख मोडलं. तो खूश झाला.

आठ दिवस तो वाकसानं मला ताशीत होता. शेवटी त्याच्या भावानं विचारलं, "अण्णा, रंधा मारू का? जरा गुळगुळीत दिसेल."

"रंधा मारायला हा काय पाळणा आहे?" आसारी खेकसला. "खरखरीत राहू दे. खरखरीत आहे तोवरच ही धरेल."

जन्मल्यावर माझ्याबद्दल बोललेला हा पहिला शब्द. कौतुकच होतं ते. मी तसंच धरलं.

मित्रांनो, मोगऱ्या दोन जातींच्या असतात, तेवढं ध्यानात घ्या. देवळाभोवती चार रस्ते आणि चार कोपरे. रथाला वळता येत नाही, त्याला वळवावं लागतं. कोपऱ्यावर चाकाखाली ज्या मोगऱ्या घालतात, त्यांच्यावरून चाक आडवं घसरलं पाहिजे. म्हणून देवळातले लोक त्यांना एरंडेल चोपडतात. त्या वळणाच्या. अंगाला तेल लावून उन्हात चकचकत पडलेल्या असायच्या. आणि आम्ही थांबवायच्या. आम्ही कोरड्या. त्यांचं काम घसरायचं, आमचं धरायचं. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची. नटव्या कुठल्या!

उजवं पुढचं चाक पिढ्यान्पिढ्या एका घराकडे होतं. कलियपेरुमाळचं घर. तो एरवी पितळी भांड्यांच्या कारखान्यात भांडी घासून चमकवायचा, पण चैत्रात त्याच्या हातात मी असायची. चाक त्याच्या डोक्याहून उंच. त्या चाकापुढं उलटं चालायचं, पाठ मोकळ्या रस्त्याकडे आणि तोंड चाकाकडे. शिट्टी झाली की वाकून मला चाकाच्या तोंडात सारायचं आणि हात काढून घ्यायचा. हात काढायला एका श्वासाचा उशीर झाला तर हात राहत नाही. त्याच्या बापाचा पाय असाच गेला होता. पण चाक त्या घराकडून गेलं नाही.

मला सांभाळायची कलियपेरुमाळची आई, कुप्पम्माळ. काय बाई होती! अक्षर एक येत नव्हतं, पण देवळाच्या कारभाऱ्याला तोंडावर गप्प करायची. उत्सव झाला की ती मला चुलीतल्या कोरड्या राखेनं घासायची, सावलीत ठेवायची आणि मग चुलीवरच्या माळ्यावर चढवायची. तिथं वर्षभर धूर खात मी पडून. कीड नाही, ओल नाही. उत्सवाच्या सकाळी ती मला उतरवायची, सगळ्या अंगावरून तळवा फिरवायची आणि लेकाच्या हातात द्यायची. "घे. जा." एवढंच.

लेक कधी तपासायचा नाही. आईच्या हातातून आलेली मोगरी काय तपासायची?

सून होती तैयल्नायकी. सगळे तिला तैयल म्हणायचे. कष्टाची, मायेची, जरा भोळी. एकदा ती पदर खोचून पुढं आली. "अत्तै, आज मी पुसते हिला. तुम्ही बसा." सासूला ती अत्तै म्हणायची.

"मी मेलेय का?" कुप्पम्माळ म्हणाली.

"तसं नव्हे हो. शिकेन म्हटलं. राखच का, पाणी का नको, ते तरी सांगा."

"मी आहे तोवर तुला काय करायचंय? तू तुझं सांबार बघ, खाली लागतंय."

तैयल सांबार बघायला गेली. मला वर माळ्यावर फार बरं वाटलं. माझ्या अंगाला फक्त मोठ्या बाईचाच हात लागतो, असा ताठा होता मला. मग एक दिवस मोठी बाई नव्हती. ताप आला आणि चार दिवसांत गेली. सांगायचं सगळं तिच्याबरोबर गेलं.

मित्रांनो, तुम्ही शहर डोळ्यांनी बघता. मी ते पाठीनं ओळखते. पूर्वेच्या रस्त्यावर विड्याच्या पानांच्या बाजाराचा ओलसर चिखल, दक्षिणेच्या रस्त्यावर तांबटांच्या दुकानांपुढं पितळेचा चुरा, पश्चिमेला कॉफीच्या दुकानांपुढची सांडलवंड. आधी माती होती, मग खडी आली, मग डांबर. चैत्रात डांबर मऊ पडतं, त्यात मी बोटभर रुतून बसायची. पुढं सिमेंट आलं. सिमेंट कुणाचंच ऐकत नाही. त्यावर आपलं अंगच खरखरीत लागतं. पस्तीस उत्सव मी असे पाठीवर घेतले. लोक म्हणायचे, "उजवीकडे कलियपेरुमाळ आहे ना, मग काळजी नाही." मी ते "मोगरी आहे ना" असंच ऐकायची.

कुप्पम्माळ गेली त्याच वर्षी देवळाचं काम निघालं. शिखराला परांच्या बांधल्या आणि रथ पत्र्याच्या शेडमध्ये गेला. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं रथ निघालाच नाही. घरात गॅस आला, चूल मोडली, माळा काढला. मला परसात नेलं. पाण्याचा ड्रम एका बाजूला कलत होता, त्याच्या बुडाखाली मला सारलं. रथाखालची मी ड्रमखाली आले! अंगावरून कोंबड्या फिरायच्या. ओल वर चढली, मुंग्यांनी वाट केली. वळणाच्या त्या नटव्या देवळात तरी होत्या.

मग पाचव्या वर्षी दवंडी झाली की चैत्रात रथ निघणार. त्याच दिवशी शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "अगं तैयल, अम्मनची मोगरी ड्रमखाली? बघवतं तरी कसं तुला?"

तैयलनं ड्रम लोटून दिला. पाणी सगळ्या परसात झालं. मला उचलून पायरीवर घेतलं आणि रडायलाच लागली. "आई, चुकले गं. तुला असं टाकलं मी." मुंग्या झाडल्या, ब्रशनं घासलं, आठ दिवस उन्हात ठेवलं. इथवर ठीक होतं. कुप्पम्माळनंही नाव ठेवलं नसतं.

पण पुढच्या शुक्रवारी तिनं वाटीत तिळाचं तेल कोमट केलं.

आमच्याकडे शुक्रवारी बायका डोक्याला तेल घालून न्हातात. ज्याच्यावर जीव असेल त्याला आपल्या हातानं तेल लावतात. तैयल स्वतःचे केस सोडून बसली होती. एक तळवा तेल तिच्या डोक्यावर, एक माझ्या पाठीवर.

"देवळात त्या दुसऱ्या मोगऱ्यांना कसं तेल लावतात," ती माझ्याशी बोलत होती. "दरवर्षी बघते मी. तुलाच कुणी लावलं नाही कधी. अत्तै कडक होत्या बाई. त्यांनी कुणाचेच लाड केले नाहीत. मी नाही तसं करायची."

मित्रांनो, आता खरं सांगते. मला कळत होतं. लाकडाला आपलं काम कळतं. हे तेल आत गेलं तर मी धरणार नाही, एवढं मला पहिल्या वाटीलाच कळलं. लाकडाला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तर मी बोलले असते का? चार वर्षं ड्रमखाली काढल्यावर कुणी अंगावरून इतक्या मायेनं हात फिरवत होतं. मी डोळे मिटले आणि प्यायले. आठ शुक्रवार प्यायले.

नंतर तिनं वरून हळद आणि चंदनाचा जाड लेप दिला. तो वाळला. तेल आत दडलं. उत्सवाच्या सकाळी तिनं मला पिवळ्या नव्या फडक्यात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलं. "घ्या. जा." सासूसारखंच म्हणाली. कलियपेरुमाळचे डोळे भरले. त्यानं मला कपाळाला लावलं. तळवा मात्र फिरवला नाही. घरच्या बाईच्या हातातून आलेली मोगरी काय तपासायची?

डावं चाक तंगरासुकडे होतं. तैयलचा धाकटा भाऊ, तिशीचा, तोंडाळ. बहिणीच्या नवऱ्याला तो मच्चान म्हणायचा. मला बघून म्हणाला, "मच्चान, ही मोगरी आहे की नवरी?"

"तुझ्या अक्कानं नटवलीय. काही बोललास तर आज जेवायला बोलावणार नाही ती."

"मग फारच छान आहे, मच्चान! अशी मोगरी त्रिभुवनात नाही."

कलियपेरुमाळ हसला आणि मला तोलून बघितलं. "जड झालीय," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "की मीच म्हातारा झालो." त्याचा उजवा गुडघा गेली दोन वर्षं धरत होता. ते घरात फक्त तैयलला माहीत होतं, आणि देवळाच्या मणियमला संशय होता. मणियम म्हणजे देवळाचा कारभारी. तो शिट्टी घेऊन रथाच्या पुढं चालायचा. त्यानं आठवड्यापूर्वीच विचारलं होतं, "कलियपेरुमाळ, ह्या वर्षी चाक झेपेल ना? नाहीतर दुसरा बघतो." कलियपेरुमाळ तसाच पुढं निघून गेला होता.

ढोल वाजले. दोर ताठ झाले. रथ हलला.

पूर्वेच्या रस्त्यावर पहिली शिट्टी झाली. त्यानं मला सारलं. चाक माझ्यावर चढलं, आणि मी दोन बोटं मागं सरकले. मग धरलं. कुणाला दिसलं नाही. त्याला दिसलं. त्यानं आपल्या गुडघ्याकडे बघितलं.

दुसऱ्या शिट्टीला मी वीतभर सरकले.

"मच्चान, उशिरा टाकलीस," पलीकडून तंगरासु ओरडला. "शिट्टी झाली की टाक ना!"

"टाकली होती."

"मग चाक काय अम्मननं स्वतः ढकललं?"

मणियम मागं वळला. "कलियपेरुमाळ! जमत नसेल तर आत्ता सांग. माणसं पुष्कळ आहेत."

"ओढा," कलियपेरुमाळ म्हणाला. दात आवळून म्हणाला. आपला गुडघा, आपला हात, आपलं वय, सगळ्यावर त्यानं संशय घेतला. माझ्यावर घेतला नाही. लेपाला एक नख लावलं असतं तरी पुरे होतं. पण पस्तीस वर्षांत लावलं नव्हतं, आणि आता लावायचं म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं की काहीतरी बिघडलंय.

पहिला कोपरा आला. वळणाच्या मोगऱ्या पुढं आल्या, चाक त्यांच्यावरून सुळकन आडवं फिरलं आणि रथ दक्षिणेकडे वळला. मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. कारण आता मी त्यांच्यातलीच होते.

दक्षिणेचा रस्ता तळ्याकडे उतरतो. फार नाही, पण रथाला तेवढा उतार पुष्कळ. तिथं दोर ओढत नाहीत. ओढणारे बाजूला होतात आणि रथ मोगऱ्यांवर उतरवतात. दोन्हीकडच्या काढायच्या, हातभर चाक जाऊ द्यायचं, पुन्हा घालायच्या. काढ, जाऊ दे, घाल. तांबटांची दुकानं बंद होती, पण सगळं घराणं ओट्यावर उभं. उताराच्या खाली डाव्या हाताला बायकांची दाटी. आरतीची ताटं, ताकाची भांडी. रस्ता तापलेला म्हणून त्यांनी अनवाणी पायांसाठी ओली गोणपाटं अंथरली होती आणि वरून घागरी ओतल्या होत्या. त्या दाटीत पुढंच तैयल उभी होती, ताकाचा हंडा घेऊन.

काढ, जाऊ दे, घाल. मी सरकले, धरलं. काढ, जाऊ दे, घाल. मी जास्त सरकले. उन्हानं माझ्यातलं तेल पातळ झालं होतं. लेप केव्हाच गळून गेला होता. प्रत्येक वेळी चाक वर चढलं की माझ्या अंगातून तेल बाहेर यायचं. मला स्वतःला धरवत नव्हतं, मित्रांनो. पोटातून ओरडावंसं वाटत होतं की मला टाकू नकोस, दुसरी घे. दुसऱ्या कोरड्या मोगऱ्या रथाच्या मागं हातगाडीवर होत्या. तीस पावलं लांब.

शिट्टी. काढ. जाऊ दे. घाल.

चाक माझ्यावर आलं आणि मी सुटले. साबणाची वडी मुठीतून सुटते तशी. उडाले आणि कलियपेरुमाळच्या नडगीवर बसले. तो खाली बसला. चाक थांबलं नाही.

तंगरासुनं डावीकडची बरोबर घातली होती. ती धरून बसली. डावं चाक उभं, उजवं चालू. तुम्हीच विचार करा काय होईल. रथ डावीकडे फिरायला लागला, ओट्यांकडे, बायकांकडे. वरचा कळस झुकला. झालरी एका बाजूला गेल्या. ढोल थांबले आणि त्या जागी माणसांचा आवाज आला.

"काढू का? मच्चान, माझी काढू का?" तंगरासु किंचाळत होता. काढली असती तर रथ सरळ खाली सुटला असता, आणि खालीही माणसंच होती.

"काढू नकोस!" कलियपेरुमाळ खुरडत माझ्याकडे आला. मला उचलायला गेला आणि मी त्याच्या हातातून निसटले. त्यानं आपले तळवे बघितले. चकचकत होते.

बायका ओट्यावर चढण्यासाठी एकमेकींना ढकलत होत्या. तैयल तिथंच उभी राहिली होती. ती रथाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. माझ्या अंगाखालच्या ओल्या रस्त्यावर तेलाचा पिवळा तवंग पसरत होता. तिला कळलं. तोंड उघडं राहिलं आणि मग असा आवाज आला की मणियमच्या शिट्टीलाही तो जमला नसता.

"तेल आहे! अहो, तेल आहे तिच्यात! मी लावलंय!"

"गोणपाट!" कलियपेरुमाळ ओरडला. "गोणपाट दे!"

तिनं हंडा टाकला. पायाखालचं गोणपाट ओढलं. ती झुकलेल्या रथाच्या सावलीत धावत आली. सगळे मागं पळत होते, ही पुढं. त्यानं मला गोणपाटात दोनदा गुंडाळलं. चाक आता तिच्यापासून दोन हातांवर होतं. त्यानं मला चाकाच्या तोंडात सारलं आणि ह्या वेळी दांडी सोडली नाही. दुखावलेला पाय माझ्या पाठीला लावून बसला.

चाक चढलं. गोणपाटाचे तंतू तुटताना मी ऐकले. मग माझे तुटले. कडकन नव्हे, हळूहळू. पुढच्या टोकापासून एक उभी कळ मागं सरकत आली. सुब्बय्या आसारीनं निवडलेला गाभा फाटत होता.

मी धरलं.

आता फुशारकी मारत नाही. गोणपाटानं धरलं, त्याच्या पायानं धरलं, मीही धरलं. पण एवढं सांगते, ती भेग दांडीपर्यंत गेली असती तर तो माणूस आणि ती बाई दोघंही गेली असती. मागून मोगऱ्या आणणारी माणसं धावत होती, पण गर्दीतून त्यांना वाट मिळत नव्हती. "सरका! सरका हो!" तीस पावलं. भेग अर्ध्यावर आली. "पाय काढा," तैयल रडत म्हणाली. "पाय काढा हो." "तू आधी बाजूला हो," तो म्हणाला. ती झाली नाही. भेग अर्ध्याच्या पुढं गेली. मग एक कोरडी मोगरी माझ्या शेजारी बसली. मग दुसरी. मग मागच्या चाकांखाली दोन. रथानं एक लांब कुरकुर केली आणि तो उभा राहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारी ओट्यावर बसून आपली ताटं मोजल्यासारखी पुन्हा पुन्हा लावत होती.

मणियम आला. खाली वाकला, माझ्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "तिळाचं," तो म्हणाला. "कुणी लावलं?"

"माझ्या घरची मोगरी आहे," कलियपेरुमाळ म्हणाला. "मी तपासली नाही. दुसऱ्या कुणाला विचारू नका."

"मी लावलं," तैयल म्हणाली. केस सुटले होते, साडीवर ताक सांडलं होतं. "आठ शुक्रवार लावलं. त्यांना ठाऊकसुद्धा नाही."

"तैयल, गप्प बस."

"का? ओरडून सांगितलं तेव्हा गप्प बस म्हणाला नाहीत."

मणियमनं तेलाचं बोट धोतराला पुसलं. तो वाईट माणूस नव्हता. "चाळीस बायका होत्या तिथं," तो म्हणाला. "चाक सोड, कलियपेरुमाळ."

त्यानं सोडलं. वाद घातला नाही. तंगरासु मान खाली घालून उजव्या चाकाशी आला. "मच्चान, मी फक्त आजच्यापुरता..." एवढंच बोलला आणि नवी मोगरी उचलली. रथ नव्या मोगऱ्यांवर उतरला, वळला आणि दुपारपर्यंत घरी पोचला.

कलियपेरुमाळ नडगीला फडकं बांधून एका तांबटाच्या ओट्यावर बसला होता. मी त्याच्या शेजारी, गोणपाटात. रथ लांब जाताना तो बघत होता. मग म्हणाला, "केवढा उंच आहे गं." तैयलला कळेना. "काय?" "रथ," तो म्हणाला. पस्तीस वर्षांत त्यानं रथ कधी पाहिलाच नव्हता. फक्त चाक पाहिलं होतं.

ते चाक पुन्हा त्या घराकडे आलं नाही.

घरात महिनाभर भांड्यांचाच आवाज होता. एकदा तैयल म्हणाली, "अत्तैंनी एक शब्द सांगितला असता तर..." तो म्हणाला, "मला तरी कुठं विचारलंस?" ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठं सांगितलंत?" मग तिनं त्याला कॉफी दिली. त्यानं घेतली.

दुसऱ्या वर्षी उजव्या चाकासाठी नवी मोगरी आली. उत्सवाच्या सकाळी देवळापुढं बायकांची रांग लागली. मागच्या वर्षी अम्मननं वाचवलं म्हणून ह्या वर्षी मोगरीची पूजा. आणि मित्रांनो, रांगेतल्या पहिल्याच बाईच्या हातात तेलाची वाटी होती.

तैयल देवळाच्या पायरीवर चढली. ती मानी बाई आहे. वर्षभर रस्त्यानं मान खाली घालून गेली होती, पण कुणाला आपल्यावर बोलू दिलं नव्हतं. तिनं मला दोन्ही हातांनी वर धरलं.

"सगळ्या बघा इकडं," ती म्हणाली. "ही भेग मी पाडली. मायेनं पाडली. वळणाच्या मोगरीला तेल लागतं, थांबवायच्या मोगरीला कोरडी राख लागते. हे मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही. त्यानं माझ्या नवऱ्याचं चाक गेलं. तुमच्यातल्या निम्म्याजणी मरता मरता राहिल्या. माहीत नसेल तर विचारा. माहीत असेल तर सांगून ठेवा. आणि ए, ती वाटी खाली ठेव आधी!"

कुणीतरी हसलं. वाटी खाली ठेवली गेली. गर्दीच्या मागं कलियपेरुमाळ काठी टेकून उभा होता. तो हसला नाही, पण सगळं संपेपर्यंत तिथून हलला नाही.

तेव्हापासून दर चैत्रात ती पायरीवर उभी राहते आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते. नव्यानं सासरी आलेल्या मुलींना माझ्या भेगेवरून बोट फिरवायला लावते. ऊन तापलं की भेगेतून अजून तेल पाझरतं. मुली बोट बघतात, हुंगतात आणि पदराला पुसतात.

मित्रांनो, मी आता कुठलंही चाक थांबवू शकत नाही. तुमच्याकडे एवढंच मागते. ज्याच्यावर तुमचा भार आहे त्याला हार घालायच्या आधी त्याला काय लागतं ते विचारून घ्या. त्याला अडगळीत टाकू नका, आणि मग लाज वाटून लाडही करू नका. ज्या म्हाताऱ्या माणसाला ते ठाऊक असेल त्याच्यापाशी जाऊन बसा. ते माणूस "तुला काय करायचंय" म्हणून हाकलेल. हाकलू द्या. तुम्ही उठू नका.